‘जुना झाला’ हे निदान नव्हे

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे.

आपल्या मुंबईत लॅपटॉप मंद चालू लागला की त्याच्या कपाळी दोनच शब्द येतात: "जुना झाला." दुकानदार हेच म्हणतो, शेजारी हेच म्हणतात, आणि आपल्याच घरातली शिकलीसवरलेली, मोठमोठ्या कंपन्यांत काम करणारी मुलेही हेच म्हणतात. अंगात कणकण आहे म्हणून आपण डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी नाडी न बघता, थर्मामीटर न लावता "तुमचे वय झाले" असे सांगून परत पाठवले, तर त्या दवाखान्याची पायरी आपण पुन्हा चढू का? लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण निमूट मान डोलावतो आणि चाळीस-पन्नास हजारांची जुळवाजुळव करायला लागतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मंद झालेल्या लॅपटॉपांपैकी कित्येक नुसते तापलेले असतात. हा ताप मोजता येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ज्याने तो मोजला नाही, त्याला ‘जुना’ हा शब्द उच्चारायचा अधिकार नाही.

आता प्रकरण सांगते. घरात २०१७ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी आठव्या पिढीची अट घातली, म्हणून तो त्या परीक्षेत बसूच शकला नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेले होते. म्हणून २०२५ च्या जानेवारीत त्यावर लिनक्स मिंट घातले. जानेवारी-फेब्रुवारीत काम सुरेख चालले. एप्रिल उजाडला आणि रडगाणे सुरू झाले. चालू केल्यावर पाच मिनिटे ठीक, मग व्हिडिओ अडखळायचा, टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागायचा, पंखा मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा.

ह्यावर तीन तज्ज्ञ मते मिळाली. एका दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता सांगितले, "काकू, प्रोसेसर गेला, आता नवाच घ्या." भाचा म्हणाला, "हे लिनक्समुळे होते, मावशी. विंडोजवर जा परत." तिसरे मत मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांचे: रॅम वाढवा. तिघांच्याही बोलण्यात आत्मविश्वास भरपूर. तापमान किती, हा प्रश्न तिघांपैकी एकानेही विचारला नाही. जानेवारीत धावणारे यंत्र एप्रिलमध्ये का रखडते, हा साधा प्रश्नही कुणाला पडला नाही. तीन महिन्यांत कुणी एवढे म्हातारे होते का हो?

ह्याला इंग्रजीत थ्रॉटलिंग म्हणतात. त्या शब्दात गळा आवळल्याचा भाव आहे, म्हणून मला तो आवडत नाही. मी ह्याला लगाम म्हणते, कारण इथे घोडा मेलेला नसतो, त्याला कुणीतरी आवरून धरलेले असते. आणि आवरणारा तो स्वतःच असतो!

प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. आमच्या लॅपटॉपमधला १५ वॉटचा आहे. १५ वॉट म्हणजे पूर्वी देवघरात लावायचो त्या छोट्या बल्बाएवढी वीज, पण ती सगळी नखाएवढ्या जागेत उष्णता होऊन बाहेर पडते. ती वाहून न्यायला वर तांब्याची चपटी नळी असते, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी, आणि त्या जाळीतून हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा. प्रोसेसर आणि तांबे ह्यांच्यामध्ये एक मलम लावलेले असते, म्हणजे मध्ये हवेची फट राहू नये. प्रोसेसरच्या पोटातच तापमापक बसवलेले असतात. ह्या जातीच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सियस. काही उत्पादक तीन-चार अंश अलीकडेच हात आखडतात. मर्यादा आली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग जेवढा उतरतो त्याहून उष्णता जास्त उतरते. जरा गार झाले की वेग पुन्हा वर, पुन्हा ताप, पुन्हा लगाम. हे इतक्या भराभर चालते की आपल्याला बाहेरून नुसते अडखळणे दिसते.

म्हणजे ही प्रोसेसरची तब्येत बिघडल्याची खूण नाही. स्वतःला जपण्याची त्याची अक्कल शाबूत असल्याची खूण आहे. कुकरने शिटी दिली म्हणून "कुकर जुना झाला, नवा आणा" असे आपल्या सासवांनी कधी म्हटले होते का?

कुकरचा विषय निघालाच आहे तर आणखी एका मंडळींचा समाचार घेते. काही हुशार लोक सांगतात, हा लगामच काढून टाका, मर्यादा वर सरकवा, ताप दिसला तर दुर्लक्ष करा. शिटीवर वरवंटा ठेवण्याचा हा प्रकार आहे. शिटी का वाजते ते बघायचे सोडून शिटीचेच तोंड बंद करायचे! ‘जुना झाला’ म्हणणारा आणि ‘लगाम काढा’ म्हणणारा हे दिसायला विरुद्ध पक्षाचे, पण दोघांनाही आत काय झाले आहे हे पाहायचे नसते.

आता मोजायचे कसे? इथे मला लिनक्सची बाजू घ्यावीच लागेल, कारण आरोपी म्हणून ज्याला उभे केले तोच सगळ्यात चांगला साक्षीदार निघाला. लिनक्समध्ये ‘एलएम-सेन्सर्स’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘सेन्सर्स’ एवढा एकच शब्द टाइप करायचा. प्रत्येक गाभ्याचे तापमान समोर येते. ‘एस-टुई’ नावाचा दुसरा प्रोग्राम तापमान आणि वेग ह्यांचे आलेख शेजारी शेजारी काढतो. ‘स्ट्रेस-एनजी’ हा तिसरा प्रोसेसरला मुद्दाम कामाला जुंपतो. आणि सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे, इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्सचा गाभा चक्क हजेरीपट ठेवतो. लॅपटॉप चालू केल्यापासून उष्णतेमुळे किती वेळा लगाम खेचला, ह्याचा आकडा ‘थर्मल थ्रॉटल’ नावाच्या फोल्डरात एका साध्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. बंद करून चालू केला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

आमच्याकडची नोंद अशी. खोलीत ३४ अंश. लॅपटॉप रिकामा बसलेला असताना प्रोसेसर ६१. कामाला जुंपल्यावर दोन मिनिटांच्या आत ९७, आणि त्याच क्षणी आलेखात वेगाची रेघ जिन्यावरून घसरल्यासारखी २.९ गिगाहर्ट्झवरून १.२ वर. दहा मिनिटांत लगामाचा आकडा चार आकडी. आणखी काय पुरावा हवा? प्रोसेसर गेलेला नव्हता. रॅमचा काही संबंध नव्हता. बिचारा भाजून निघत होता.

न्यायाने बोलायचे तर मंद चालणारा प्रत्येक लॅपटॉप तापलेलाच असतो असे नाही, आणि म्हणूनच मोजायला हवे. तीन गोष्टी निघू शकतात. पहिली, ताप जास्त आणि वेग कमी: हा उष्णतेचा लगाम. दुसरी, ताप ४५-५० एवढाच, पण वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर खिळलेला: तेव्हा चार्जर बघा. काही लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत की भीतीने वेग दाबून ठेवतात, मग तुम्ही बर्फाच्या लादीवर ठेवलात तरी तो धावणार नाही. कधी मदरबोर्डवरचा एखादा सेन्सर खोटी ओरड करतो, त्याचाही परिणाम हाच. तिसरी, ताप ठीक, वेगही ठीक, तरी काम रखडते: तेव्हा जुनी फिरती हार्ड डिस्क, अपुरी रॅम किंवा ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेली पन्नास पाने. तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधे. ‘जुना झाला’ ह्या दोन शब्दांत तिन्ही रोगांवर एकच औषध मिळते: नवी खरेदी.

लिनक्सचा कधीच दोष नसतो असेही मी म्हणणार नाही. २०१८-१९ च्या सुमाराला लेनोवोच्या काही थिंकपॅडवर लिनक्स असले की ते ८० अंशांच्या आसपासच हात आखडायचे, विंडोजवर मात्र ९० च्या पुढे जायचे, कारण ती मर्यादा वर नेण्याचे काम फक्त विंडोजमधल्या प्रोग्रामवर सोपवलेले होते. लिनक्स वापरणाऱ्यांनी मोजमापे करून हे दाखवून दिले, त्यावर स्वतःचा उपाय लिहिला आणि पुढे कंपनीकडूनही दुरुस्ती आली. त्याच थिंकपॅडमध्ये आणखी एक गंमत आहे. लॅपटॉप टेबलावर आहे की मांडीवर, हे तो ओळखतो, आणि मांडीवर असला तर आपल्याला चटका बसू नये म्हणून आपण होऊन सौम्य चालतो. मांडीवर घेतले की शांत होणाऱ्या नातवासारखा :) आता हे ज्याला ठाऊक नाही तो त्यालाही ‘जुना’च म्हणणार! सांगायचा मुद्दा हा की दोष लिनक्सचा असो, चार्जरचा असो की पंख्याचा, तो सापडतो मोजणाऱ्यालाच.

आता आपल्या हवेकडे वळू. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ असते: वापरताना भोवतालचे तापमान किती असावे. बहुतेक कंपन्या वरची सीमा ३५ अंश देतात. गिरगावात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली किंवा गच्चीखाली राहणाऱ्यांनी एप्रिल-मे मधली दुपार आठवावी. आपण त्या सीमेच्या उंबऱ्यावरच बसलेलो असतो. लॅपटॉप विकत घेताना तो आपण पाहतो कुठे? दुकानाच्या एसीत, २२ अंशांना.

ह्याचा साधा हिशेब मांडून दाखवते. उष्णता किती वाहून जाणार हे गरम आणि गार ह्यांतल्या फरकावर ठरते. प्रोसेसर ९७ आणि खोली २२, फरक ७५. प्रोसेसर ९७ आणि खोली ३४, फरक ६३. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण आपल्या खोलीत ती सुमारे १६ टक्के कमी उष्णता बाहेर टाकू शकते. खोक्यावर ‘३.१ गिगाहर्ट्झपर्यंत’ असे छापलेले असते, त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द हा असा महाग पडतो. सेलच्या पाटीवर ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ असते, त्यातलाच हा पर्यंत. किती वेळ? कुठल्या हवेत? ते खोक्यावर नसते.

पण मंडळी, हिशेब इथे संपत नाही. १६ टक्के उष्णता कमी गेली म्हणून वेग अर्ध्याहून खाली यायचे कारण नाही. शिवाय हाच लॅपटॉप २०१८ च्या मे महिन्यातही ह्याच खोलीत होता आणि तेव्हा धावत होता. म्हणजे हवा एकटी दोषी नाही. मधल्या वर्षांत दुसरे काहीतरी बदलले आहे. ते काय, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. धूळ! गिरगाव-काळबादेवीने भुयारी मेट्रोच्या कामाची कितीतरी वर्षे धूळ खाल्ली. ९ ऑक्टोबर २०२५ ला गिरगाव स्थानक लोकांसाठी उघडले, पण तोवर जी धूळ आत गेली ती गेलीच. परळ-लालबागला एक टॉवर पुरा होत नाही तो दुसऱ्याचा पाया खणायला घेतात. त्यात समुद्राची खारट दमट हवा, घरातली उदबत्ती, धूप, गादीचा कापूस, फोडणीचा धूर. दमट हवेत धूळ सुटी राहत नाही, ती चिकटून थर धरते.

शेवटी लॅमिंग्टन रोडच्या बाजूला एक कारागीर भेटला, तो माझ्यासमोर उघडून दाखवायला तयार झाला. (रस्त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लॅमिंग्टन रोड म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही.) आत पंखा आणि जाळी ह्यांच्यामध्ये जे बसले होते, त्याला धूळ म्हणणे कमीपणाचे होईल. ती करड्या रंगाची घट्ट गादी होती, चिमट्याने धरल्यावर अख्खी उचलून आली. जाळीतून हवा जायला वाटच उरली नव्हती. पंखा जीव तोडून फिरत होता आणि समोर भिंत होती. प्रोसेसरवरचे मलम वाळून खपली झालेले. त्याने जाळी साफ केली, खपली पुसून नवे मलम लावले, पंखा झटकला. अर्धा तास लागला. सहाशे रुपये घेतले.

घरी येऊन तीच चाचणी, त्याच वेळेला, त्याच खोलीत केली. खोली ३४. रिकामा असताना ४६. कामाला जुंपल्यावर दहा मिनिटांनी ७९, वेग २.९ वर स्थिर. लगामाचा आकडा शून्य. ‘गेलेला’ प्रोसेसर सहाशे रुपयांत परत आला म्हणायचा!

आता खरा राग कशाचा आहे ते सांगते. ती गादी काढायला अर्ध्या तासातली वीस मिनिटे झाकण उघडण्यात गेली. स्क्रू रबराच्या पायांखाली लपवलेले, ते पाय गोंदाने चिकटवलेले, झाकण प्लास्टिकच्या नाजूक आकड्यांनी धरलेले. एक आकडा तुटला की झाकण कायमचे ढिले. पंखा ही धूळ खाणारी वस्तू आहे, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते का? घरातल्या छताच्या पंख्याची पाती दिवाळीला पुसता येतात, मिक्सरचे भांडे निघते, एसीची जाळी महिन्याला काढून नळाखाली धुता येते. मग ह्याच पंख्याला कुलूप का?

आणि हे पहिल्यापासून असे नव्हते. आपल्याकडचा सुरुवातीच्या काळातला संगणक इथेच, दक्षिण मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनला. टिफ्रॅक त्याचे नाव. १९६० साली तो काम करू लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे हे नाव ठेवले. आत सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब, सगळ्या तापणाऱ्या. त्याची पोलादी चौकट १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अडीच फूट रुंद होती, आणि तिच्या प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी दारे ठेवलेली होती. कशासाठी? आतले सर्किट हाताशी यावे म्हणून. यंत्र आहे म्हणजे उघडावे लागणारच, हे ज्यांनी बनवले त्यांनी गृहीतच धरले होते. साठ-पासष्ट वर्षांत संगणक कपाटाचा मांडीएवढा झाला, ह्याबद्दल सगळे टाळ्या वाजवतात. दारे कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

ज्यांना हा लॅपटॉपपुरता प्रश्न वाटतो त्यांनी परळ-लालबागला एक चक्कर मारावी. तिथे ‘जुना झाला’ ह्या शब्दांनी काय होते ते साऱ्या गिरणगावाने पाहिले आहे. साचेखात्यात मागावरची कापसाची पिंज झाडणे, तेल घालणे, हे रोजचे काम असे. ते न करता साचा चालणार नाही हे शाळेत न गेलेल्या कामगारालाही ठाऊक होते. पण कित्येक गिरण्यांत यंत्रांवर खर्च करायचे वर्षानुवर्षे टाळले गेले. मग १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो चिघळला, आणि त्यानंतर ऐकू यायला लागले: यंत्रे जुनी झाली, गिरण्या ‘आजारी’ आहेत, चालवणे परवडत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने जमिनी विकण्याची वाट उघडली. आज तिथे काय उभे आहे ते आपण बघतोच. गिरणी आणि लॅपटॉप ह्यांची बरोबरी करून मी कामगारांचे दुःख हलके करत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की ‘जुने’ हा शब्द कानावर आला की दोन प्रश्न विचारायची सवय आपल्या भागाला तरी असायला हवी. एक, ह्याची निगा कुणी आणि किती वर्षे राखली नाही? दोन, हे जुने ठरल्यावर पैसा कुणाच्या खिशात जाणार?

सरकारदरबारी काही हालचाल आहे, हे मान्य. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे ह्याला गुण देण्याविषयीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. फ्रान्समध्ये अशी गुणांची पाटी १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली, दहापैकी गुण, आणि पहिल्याच यादीत लॅपटॉप होते. उत्तम. पण माझ्या मागण्या त्याहून साध्या आहेत आणि त्यांना समितीची गरज नाही. खोक्यावर ‘पर्यंत’चा आकडा छापता ना? त्याच्या शेजारी दुसरा आकडा छापा: ३५ अंशांच्या खोलीत अर्धा तास सलग काम केल्यावर वेग किती राहतो. पंखा आणि जाळी ह्यांच्यासाठी एका साध्या पेचकसाने उघडणारे छोटे दार ठेवा. आणि दुरुस्तीवाल्यांनी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत तापमान लिहावे: रिकामा असताना किती, कामाला लावल्यावर किती. तापमान लिहिलेले नसेल तर पुढचे काहीही वाचू नका.

ह्यावर येणारी उत्तरे मला पाठ आहेत. पहिले: "एवढा खटाटोप कोण करणार, वेळ म्हणजे पैसा." ठीक. चाचणीला पंधरा मिनिटे, सफाईला अर्धा तास. नवा लॅपटॉप निवडायला, घ्यायला, जुन्यातले फोटो त्यात घालायला आणि पासवर्ड आठवायला किती दिवस लागतात, ते नुकताच घेतलेल्याला विचारा. दुसरे: "जुन्या यंत्राला वीज जास्त लागते." १५ वॉटचा प्रोसेसर आहे हो, गीझर नव्हे. शिवाय जो फेकला तो हवेत विरत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, पण नियम लागू झाला म्हणून कचरा कमी होत नाही. तो कुणाच्या तरी हातांनी, कुठल्या तरी झोपडीत फोडला जातोच.

तिसरे उत्तर मला उद्देशून असते: "हे टर्मिनल-बिर्मिनल सगळ्यांना जमणारे नाही." मी मराठी घेऊन बीए झाले. माझ्या पदवीत उष्णतेचा एकही धडा नव्हता. एक शब्द टाइप करणे आणि आलेला आकडा वहीत लिहिणे ह्याला पदवी लागत नाही. तापाचा तक्ता लिहून ठेवायला घरोघरच्या आयांना कुणी वैद्यकशास्त्र शिकवले होते? आणि शाळेत इतकी वर्षे काढल्यावर ‘मंद’ हा शब्द मी फार जपून वापरते. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला सगळे ‘ढ’ म्हणत, त्याला कधी फळा दिसत नसे, कधी तो घरून उपाशी आलेला असे, कधी त्याच्या बाकावर दुपारचे ऊन येत असे. खरोखर ज्याला समजत नाही असा मूल विरळा. शिक्का मारायला एक क्षण पुरतो आणि शिक्का मारला की कारण शोधायची जबाबदारी संपते. म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे.

काही यंत्रे खरोखर संपतात, हेही सांगून ठेवते. मदरबोर्ड जळतो, सुटे भाग मिळेनासे होतात. मोजून, उघडून, पाहून मग कुणी "आता ह्यात दम नाही" म्हणाले तर मी मुकाट्याने हात जोडीन. माझे भांडण म्हाताऱ्या यंत्राला म्हातारे म्हणण्याशी नाही, न बघता म्हणण्याशी आहे.

असो. नातेवाईक मंडळींना एक कामाची सूचना. गणपतीला येताना घरातला ‘जुना झालेला’ लॅपटॉप पिशवीत घालून आणा. चार्जर विसरू नका. लिनक्सची पेन ड्राइव्ह तयार आहे, त्यावरून लॅपटॉप सुरू करून आधी ताप बघू. गादीवर, उशीवर ठेवून वापरता का, हेही विचारीन, खरे सांगा. खालच्या जाळीला पलंगपोस लागला की नव्या लॅपटॉपचाही जीव गुदमरतो. आणि तोवर कुणी दुकानदार "जुना झाला" म्हणालाच, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा: "किती अंश?"